विळ्याच्या बटणांचा कोट

पोरगी म्हणते, बाबा, तो पांढरा सदरा आता तरी धुवायला टाका, वास मारून राहिला. मी टाकत नाही. खुंटीला तसाच आहे. त्याच्या कॉलरीला आतून एक कापडाची पट्टी टाचलेली आहे, ती कौतिकाच्या हातची शेवटची. कौतिका म्हणजे माझी बायको. या उन्हाळ्यात गेली. पट्टी मळून काळी पडली आहे, काढल्याशिवाय सदरा धुण्यात अर्थ नाही, हे मला समजते. पण ती काढली की तिच्या हातचा टाका माझ्या अंगावर राहत नाही. पोरीला हे सांगता येत नाही. तिला वाटते म्हातारा आळशी झाला. तिला आईच्या साड्याही कोणा गरजूला देऊन टाकायच्या आहेत. द्या म्हटलं, पण सदऱ्याला हात लावू नका. ही पट्टी आमच्या घरात कशी आली ते सांगायचं तर रशियाच्या शिपायाच्या कोटापासून सांगावं लागते. माझी शाळा सहावीत सुटली. जसं बोलतो तसंच लिहितो.

माझ्याकडे रशियाच्या फौजेचे कोट, टोप्या, पट्टे, सदरे आहेत. दोन लोखंडी पेट्या भरून आहेत. लोक विचारतात, कायले जमवले? मागं एक पोरगा मोबाइल घेऊन आला, व्हिडिओ काढतो म्हणे. त्यानं विचारलं, "काका, आप लाल झंडेवाली पार्टी के हो क्या?" मी म्हटलं, नाही रे बाबू, मी गरम कपडेवाला आहे. गोंदियाच्या बाजारात हिवाळाभर स्वेटर-कोटाचं दुकान मी सारी उमर लावलं. पण हे कपडे मी विकले नाहीत. पेट्यांत बिडीच्या तंबाखूचा चुरा टाकून ठेवतो. त्या वासानं लोकरीला कसर लागत नाही. ही गोष्ट मला मायनं शिकवली, आणि तीही कुरकुर करत शिकवली.

माय बिड्या वळायची. मालधक्क्याच्या मागं आमची एक खोली होती. बाबा मालधक्क्यावर हमाली करायचे. सकाळी झोपेतून उठायच्या आधी कानात मायच्या कातरीचा आवाज यायचा, कच कच, ओल्या तेंदूच्या पानावर. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोलणं चालू असलं तरी बोटं थांबायची नाहीत. जवळच्या राईस मिलचा भोंगा झाला की बाबा बासी खायला बसायचे. रात्रीच्या भातात पाणी टाकून ठेवायचं, सकाळी त्यात मीठ, संगं कांदा, असली तर जवसाची चटणी. संध्याकाळी लाखोळीची डाळ आणि भात. बाजाराच्या दिवशी वांग्यात सुके झिंगे पडायचे आणि त्या वासावर आम्ही घराबाहेर जायचो नाही. मिलचा कोंडा उडून सगळ्यावर बसायचा, भातावर, अंथरुणावर, बाबांच्या भुवयांवर. बाबा घरी आले की म्हातारे दिसायचे आणि तोंड धुतलं की तरुण व्हायचे. आता मी आरशात पाहतो तर तोंड धुऊनही काही फरक पडत नाही.

शाळा सुटल्यावर मी इकडेतिकडे कामं केली आणि मिसरूड फुटायच्या वेळेस बिसेसर भैयाकडे लागलो. बिसेसर भैया छत्तीसगडचा माणूस. बाजाराच्या कोपऱ्यात निंबाखाली जुने कपडे विकायचा. पॅसेंजर गाडीनं तो भिलाईहून गठ्ठे आणायचा. तिथं पोलादाचा कारखाना उभा करायला रशियाचे साहेब आले होते. त्यांच्यातले कितीतरी आधी फौजेत राहून लढाई लढलेले. घरून निघताना त्यांनी आपले फौजेचे गरम कोट, कानटोप्या, सगळं संगं बांधून आणलं. इथं येऊन पाहतात तर घामाच्या धारा. परत जाताना ते ओझं कोण नेते? कपडे भंगारवाल्यांकडे गेले, तिथून बिसेसर भैयाकडे. माझं काम गठ्ठे फोडून निवडायचं. धड कपडे विकायला, फाटके मोटारवाल्यांच्या पुसण्याला, बटणं उसवून वेगळी. रशियाचे कोट काही विकले जायचे नाहीत. लांब घोट्यापर्यंत, वजनाला घोंगड्यासारखे. ते कापून बैलाची झूल करायची, असा त्याचा धंदा होता.

एक दिवस त्यानं कातर माझ्या हातात दिली आणि एक राखी रंगाचा कोट पुढं टाकला. मी कापायच्या आधी सहज अंगात घालून पाहिला. आमच्या घरात तोवर अंगाच्या मापाचं कापड कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांचा सदरा कोण्या व्यापाऱ्यानं दिलेला, माझी पँट बाबांची. हा कोट खांद्यावर असा बसला की जसं काही रशियातल्या शिंप्यानं माझंच माप घेतलं होतं. माझ्या अंगाएवढाच कोणी शिपाई तिकडे असेल. मी कातर खाली ठेवली. बिसेसर भैया हसला. "एला कोन पहिनही इहां? तैं रख ले, बाबू," म्हणाला, आणि त्या आठवड्याच्या मजुरीत तो धरला. मग कानटोपी आली, समोर लाल चांदणीवाली. मग पितळी बक्कलाचा पट्टा. मग एक हिरवट सदरा. मी प्रत्येक कपडा आतून-बाहेरून पाहायचो. साहेबाच्या कोटाचं कापड गुळगुळीत, शिपायाचं खरबरीत. बटणं पितळी, त्यावर चांदणी, आणि चांदणीत बारीक विळा-हातोडा. आणि जवळपास सगळ्याच कॉलरींना आतून एक पांढरी पट्टी, हातानं टाचलेली. ती कायले असेल हे मला काही समजलं नाही. बिसेसर भैयालाही नाही. पण शिपायानं स्वतः टाकलेले टाके म्हणून त्याच मला सगळ्यात जास्त जपाव्या वाटायच्या. माझ्या कोटाची पट्टी पिवळी-काळी झाली होती. मी तिला हात लावत नव्हतो.

घरी कोट खुंटीला टांगला तर माय म्हणाली, "मेल्या सोजराचं कापड घरात कायले आनलं?" मेला नाही व, परत गेला, म्हटलं. "मंग त्याचं त्यालेच देऊन ये." बाबा म्हणाले, "मी झोपेतून उठलो तं समोर शिपाई उभा. मी हात जोडले, साहेब, मी हमाल होय, मले तिकीट लागत नाही." माय हसली आणि तिथं विषय मिटला. पुढं तिनंच तंबाखूचा चुरा आणून खिशात टाकला. "लटकवतच असशील तं कसर तरी लागू देऊ नको," म्हणाली.

पुसाचा महिना होता. धान कापून झालं होतं आणि देवरीकडे राहणाऱ्या माझ्या आत्यानं नवे तांदूळ घेऊन जायला निरोप धाडला होता. मी निघालो. थंडी अशी की बोलताना तोंडातून धूर निघे. बाबा म्हणाले, "तो कोट निस्ता भिताडाले घालून ठेवला, आज तरी अंगात घाल." मी घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली, कमरेला पट्टा बांधला, डोक्यावर टोपी. गोंदियात लोकांनी पाहिलं आणि हसले. देवरीला बसमधून उतरून जंगलातली पायवाट धरली तेव्हा पाहायलाच कोणी नव्हतं. धुकं होतं. आत्याच्या गावाच्या अलीकडं एक लहान गाव लागते. तिथं पाणी प्यावं म्हणून मी आत वळलो.

गावाच्या कडेला पोरं शेकोटीजवळ बसली होती. त्यांनी मला पाहिलं आणि ओरडत पळाली, "नाकेदार आला गा! नाकेदार!" नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा शिपाई. त्या भागात लाकडापासून कोंबड्यापर्यंत सगळं त्याच्या मर्जीवर. कुठंतरी कुऱ्हाडीचा आवाज येऊन राहिला होता, तो बंद झाला. मी एका अंगणात पोचलो तोवर खाट टाकलेली, तिच्यावर घोंगडी घातलेली. मी पाणी मागायच्या आधीच गुळासकट पाणी आलं. मला वाटलं, वा, काय गाव आहे. एक म्हातारी आली, तिनं पाय बांधलेला एक कोंबडा गुमान माझ्या खाटेजवळ ठेवला आणि मागं सरकून बसली.

ज्याचं अंगण होतं तो सोमाजी हात जोडून पुढं आला. त्याच्या घराचं अर्धं छत पावसात बसलं होतं, ते दिसतच होतं.

"साहेब, खोटं कायले बोलू," तो म्हणाला. "घर पडलं. बायापोरी गोठ्यात झोपून राहिल्या. जंगलातून लाकडाच्या बल्ल्या आनल्या, धानाच्या तनसाच्या ढिगाखाली हायेत. छत झालं की पुन्हा नाव घेनार नाही."

"बाबाजी, मी साहेब नोहो," मी म्हटलं. "मी गोंदियाचा. जुने कपडे विकतो."

म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "साहेब मस्करी करून राहिले."

"खरंच मी नाकेदार नोहो!"

सोमाजी मागं वळून शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "कोंबड्यानं भागत नाही वाटते." मी ऐकलं आणि खाटेवरून उठलो, की बाबा, निघावं इथून. तर ते समजले साहेब रागावला. आता पंचनामा होणार, बल्ल्या जाणार, सोमाजीला नेणार. मी जेवढं नाही म्हणे तेवढा भाव चढून राहिला होता. सोमाजी गोठ्याकडं गेला आणि दावणीची बकरी सोडायला लागला. बकरी दुभती होती. दोन पिल्लं तिच्या पोटाखाली घुसून होती, ती ओढल्यावर ओरडायला लागली.

अंगणाच्या टोकाला एक पोरगी सुपानं धान पाखडत होती. साधारण माझ्याच वयाची. तिनं सूप खाली ठेवलं.

"बकरी कायले सोडता, बाबा?"

"चूप व. साहेब ऐकून राहिले."

ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तोंडाकडं पाहिलंच नाही. छातीवरच्या बटणाला डोळे लावून पाहिलं, मग खालच्या, मग त्याच्याही खालच्या.

"बाबा, हा नाकेदार नोहे."

"कायवरून व?"

"बटनावर इळा हाय. नाकेदार इळा जप्त करते, छातीवर लावत नाही. माया इळा नेला ना त्यानं, गवत कापताना."

मग एक एक माणूस आला आणि माझ्या बटणावरून बोट फिरवून गेला. म्हातारीनं पण पाहिलं आणि कोंबडा उचलून काखेत घेतला. मी मोकळा श्वास घेतला, तो चुकीचा होता. भीती गेली तशी माणसं चिडली.

"मंग तू कोन होस? बहुरूपी?" एक जवान माणूस म्हणाला. "नाकेदाराचं सोंग घेऊन कोंबडे खात फिरतस?"

"मी मागितला काय कोंबडा?"

"नाही म्हनला काय?"

"सारा वेळ नाहीच म्हणून राहिलो ना!"

"उतरव तो कोट. शेकोटीत टाका."

त्यानं माझा पट्टा धरला. पण सोमाजी मधी आला. त्याला कळलं होतं की नाकेदार नसला तरी एका परक्या माणसाला त्यानं बल्ल्यांची जागा आपल्या तोंडानं सांगितली. गोंदियाला जाऊन हा कुठं बोलला तर? मी आत्याचं नाव सांगितलं. ती शेजारच्याच गावची, लोकांना माहीत होती. सोमाजीनं विचार केला आणि म्हणाला, "तुयी आत्या येऊन ओळख सांगल. तोवर कोट इथं राहील. तू आमचं बोलू नको, आमी कोट जाळत नाही." टोपी आणि पट्टाही त्यानं ठेवून घेतला. अंगातल्या नुसत्या बंडीवर कुडकुडत मी पायी आत्याच्या गावाला गेलो. थंडीपेक्षा मला त्या शेकोटीचं भ्या वाटत होतं. जवान माणूस चिडका होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्यासंगं आली. अंगणात पाय टाकताच "जयभीम" म्हणाली आणि हसायलाच लागली. "हा माया भाचा होय. येडा हाय, पन चोर नोहे. याच्या पोटात तुमची गोष्ट राहते, नाही राहिली तं मी हाय." सोमाजीच्या खांद्यावरून वजन उतरलेलं मला दिसलं. तोही हसला. आतून ती पोरगी कोट घेऊन आली. घडी घातलेला, झटकलेला, टोपी वर ठेवलेली. मी आधी कॉलर उलटली. पट्टी पांढरीशुभ्र होती. जुन्या लुगड्याची, नवी टाचलेली.

"जुनी पट्टी कुठं हाय?" मी विचारलं.

"चुलीत."

"चुलीत? ते रशियाचं होतं!"

"मळलेलं होतं."

"मी जपून ठेवली होती. त्या शिपायाच्या हातचे टाके होते ते."

"एवढा जाड कोट रोज धुता येते काय?" ती म्हणाली. "मान लागते म्हनून पट्टी लावायची. मळली की काढायची, दुसरी लावायची. त्यासाठीच लावली होती ना त्यानं? तू मळ जपून राहिला."

आत्या माझ्याकडं पाहून राहिली होती. मला एवढा राग आला होता की कोट मिळाला याचा आनंदही झाला नाही. शिपायाचे टाके बारीक आणि सारखे होते, या पोरीचे लांब लांब. त्या कोटात शिपायाचं जे काही स्वतःचं होतं तेच तिनं नेमकं जाळलं होतं. आत्या मला बसपर्यंत सोडायला निघाली, आणि वाटेवर तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी तेच बोलत होतो. आत्यानं बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी चांगली हाय."

"तिनं माझी पट्टी जाळली, आत्या."

"म्हनूनच म्हनून राहिली."

छत उन्हाळ्याच्या आधी झालं. त्याच छताखाली आमचं लग्न लागलं. बल्ल्यांविषयी मी कोणाजवळ बोललो नाही, आज पहिल्यांदा लिहितो. सोमाजी नाही, नाकेदारही नसेल, आता काय. लग्नात त्या जवान माणसानं, तो कौतिकाचा चुलतभाऊ निघाला, मला नाकेदार साहेब म्हणून हाक मारली आणि माझ्यापुढं कोंबडा आणून ठेवला. सारा मांडव हसला. पुढं त्या गावात माझं नाव नाकेदारच पडलं.

कौतिकानं मग माझ्या सदऱ्यांना पट्ट्या लावायला सुरुवात केली. दुकानात कोंडा आणि लोकरीची भुसी मानेवर बसायची, कॉलर आठवड्यात खराब व्हायची. ती जुन्या लुगड्याची पट्टी फाडायची, दुमडायची, टाचायची. मळली की दातानं धागा तोडून ओढून काढायची आणि चुलीत. पेट्यांतल्या कपड्यांना तिनं पुन्हा हात लावला नाही. "तुयं रशिया तू पाह्य," म्हणायची. पुढं तो देश मोडला तेव्हा दिल्लीकडून गठ्ठेच्या गठ्ठे आले आणि मी दुसरी पेटी भरली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, झोपायचं कुठं? एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं की रशियाच्या फौजेत ती पट्टी बदलायचा हुकूमच असायचा, मळकी दिसली तर शिपायाला शिक्षा. मी घरी येऊन कौतिकाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मंग," म्हणाली.

आजारात तिचे हात कापायचे. तरी सुई मागायची. या पांढऱ्या सदऱ्याची पट्टी तिनं खाटेवर बसून टाचली, मी धागा ओवून दिला. टाके वाकडेतिकडे आहेत, एका जागी धागा गोळा झाला आहे. तो सदरा घालून मी तिला दवाखान्यात नेलं, आणि तोच घालून परत आलो.

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. आज पोरगी बाजारात गेली तेव्हा सदरा खुंटीवरून काढला. दात नाहीत, म्हणून ब्लेडनं धागा तोडला आणि पट्टी ओढून काढली. खालची कॉलर अजून पांढरी होती. तिच्या एका लुगड्याची नवी पट्टी फाडली. पांढरं एकही सापडलं नाही, फिकट निळं आहे. टाके माझे आहेत, ते कसे आहेत ते सांगत नाही. सदरा धुऊन दोरीवर टाकला आहे.

जुनी पट्टी चुलीत टाकायला पाहिजे होती. कौतिका असती तर उभी राहून टाकायला लावली असती. मी पेटी उघडून ती त्या पहिल्या कोटाच्या खिशात तंबाखूच्या चुऱ्यात ठेवली. एवढं एक तिचं ऐकलं नाही.